लॉइस मेट्झलरची चार मिनिटं

व्हिटलॉक कॉलेजच्या मुलींच्या सॉकर संघातून आजवर कोण कोण खेळलं, हे जगात एकाच माणसाला नक्की ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. तो माणूस म्हणजे मी, लेन वॉस्को. विद्यार्थी असताना नोंदणीच्या टेबलाशी बसायला लागलो तो अजून उठलेलो नाही. गोल, पास, अडवलेले फटके, खेळलेली मिनिटं, सगळं माझ्या वहीत. आमच्या खेळात एका गोलावर दोघींना पासचं श्रेय देता येतं, आणि काही कॉलेजांतले नोंदणीवाले ते हॅलोविनच्या सणाला पोरांना द्यायच्या गोळ्यांसारखं वाटत सुटतात. मी वाटत नाही. त्यामुळे आमच्या प्रशिक्षकांशी माझं कधी जमलं नाही, पण व्हिटलॉकच्या आकड्यांवर कुणी बोट ठेवलेलं नाही, याचा मला ताठा होता. होता म्हणतो, कारण आता तो राहिलेला नाही.

गेल्या ऑक्टोबरात संघाला चाळीस वर्षं झाली. ठरलं असं की माजी विद्यार्थ्यांच्या शनिवारी, सामन्याआधी, संघातून एक मिनिट का होईना खेळलेल्या प्रत्येकीला नावानं पुकारून मैदानात बोलवायचं आणि गळ्यात निळा स्कार्फ घालायचा. यादी अर्थातच माझ्या वहीतून निघाली. दोनशे अकरा नावं. दोनशे अकरा पत्रं मी स्वतः पाकिटात घातली.

तीन आठवडे आधी एका बाईचा फोन आला.

"मला पत्र आलं नाही," ती म्हणाली. आवाज शांत, शब्द मोजून मापून, आमच्या दक्षिणेकडच्या मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या शेतकरी लोकांचा असतो तसा. "माझं नाव लॉइस ग्रोव्ह. कॉलेजात असताना मेट्झलर. एकोणनव्वदला पदवी घेतली."

मी वही उघडली. "अठ्ठ्याऐंशीच्या फोटोत आहात तुम्ही. मागची रांग, डावीकडून तिसऱ्या. दुसरी गोलकीपर, बावीस नंबर. पण खेळलेल्यांच्या यादीत तुमचं नाव नाही."

"माहीत आहे मला."

"म्हणजे तुम्ही संघात होतात, पण मैदानात..."

"मैदानात चार मिनिटं होते. लिंडेन व्हॅलीविरुद्ध. शेवटची चार."

मला हसू आलं, पण मी ते फोनच्या बाहेर ठेवलं. "हे बघा बाई, त्या चार मोसमांत आपल्याकडे गोलमध्ये एकच मुलगी उभी राहिली. मॉरीन डोलन. बहात्तर सामने, जादा वेळ धरून सहा हजार पाचशे चाळीस मिनिटं, आणि ती एकदाही बाहेर आली नाही. देशात असा दुसरा विक्रम नाही. जिमच्या भिंतीवर फलक आहे."

"फलक पाहिलाय मी."

"मग?"

फोन ठेवते की काय असं वाटलं, पण ती सांगायला लागली.

"माझे वडील एक्क्याण्णव वर्षांचे आहेत. तो आमचा शेवटचा घरचा सामना होता. बाकीच्या मुलींचे आईवडील फुलं घेऊन आले होते. आमच्याकडे मका कापायचा होता, म्हणून आमचं कुणी आलं नाही. संध्याकाळी जेवताना मी सांगितलं, आज मला खेळवलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी मला बटाटे दोनदा वाढले. दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर पेपर उघडला. त्यात मॉरीनचं नाव होतं, पूर्ण नव्वद मिनिटं. माझं नव्हतं. दोन्ही भाऊ टेबलाशी बसलेले, त्यांच्यासमोर बाबा म्हणाले, 'न खेळण्यात लाज नाही, लॉइस. खोटं बोलण्यात आहे.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. आमच्या घरात एकदा झालेलं बोलणं पुन्हा काढत नाहीत. त्यांनीही काढलं नाही आणि मीही नाही. पण ते मला खोटारडी समजूनच जाणार, हे काही मला बघवत नाही. मिस्टर वॉस्को, मला तुमचा स्कार्फ नको. मला कागद हवाय."

"बघतो," मी म्हणालो. मी बघतो म्हणतो तेव्हा सहसा बघत नाही. पण त्या सामन्याची नोंद माझ्याच हातची होती, आणि माझ्या हातच्या नोंदीबद्दल कुणी असं बोललं की मला रात्री झोप येत नाही.

तळघरातल्या कपाटात तो कागद सापडला. बावीस ऑक्टोबर, अठ्ठ्याऐंशी, व्हिटलॉक सहा, लिंडेन व्हॅली शून्य. अक्षर माझंच, पेन्सिलीतलं. पहिल्या ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटांत चांगलीच खाडाखोड होती. सामना चालू असताना कागद तसाच होतो, नंबर चुकतो, खोडावा लागतो, पाऊस पडतो. आणि शेवटची पाच मिनिटं मात्र एकदम स्वच्छ. काही घडलंच नसल्यासारखी. तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग आठवलं. खरं सांगायचं तर आठवलं नाही, ते तिथंच होतं, फक्त मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. त्या काळी शनिवारचे निकाल पेपरला फोनवर सांगावे लागायचे, आणि तिथं फोन उचलायला एकच माणूस बसायचा. सामना संपल्यावर फोन केला तर आसपासची दहा कॉलेजं आपल्या आधी रांगेत असायची. मग निकाल छापून यायचा मंगळवारी, आणि आमचे तेव्हाचे साहेब डोकं खायचे. म्हणून सामना हातात आला की मी शेवटची पाच मिनिटं उरली असताना टेकडी चढून जिमकडे पळायचो. तिथं एकच टेलिफोन होता. सहा-शून्यवर आता काय होणार, असं म्हणून मी 'डोलन, नव्वद मिनिटं' असं आधीच लिहून टाकलं आणि पळालो. परत आलो तेव्हा सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते, आया रडत होत्या, आणि मला कुणी काही सांगितलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

एकवीस वर्षांचा होतो, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. त्यानं काही भागलं नाही.

तरी आपल्या आठवणीवर वही बदलता येत नाही. लेखी पुरावा लागतो, आणि तोही त्या दिवशीचा. पण पाहुणा संघ आपली वेगळी नोंद ठेवतो. लिंडेन व्हॅलीच्या कपाटांची राखण बार्ब नावाच्या बाई करतात. त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या आणि माझ्याहून खडूस. त्यांना फोन केला.

"अठ्ठ्याऐंशी?" त्या म्हणाल्या. "सहा गोल खाल्लेला सामना मला शोधायला लावतोस? आणखी काही मीठ चोळायचंय?"

"बार्ब, शेवटची पाच मिनिटं बघायचीत फक्त."

"का? तेव्हा तू कुठं होतास?"

मी सामन्याची तारीख पुन्हा एकदा सांगितली. त्या समजल्या असाव्यात, कारण पुढं त्यांनी चिमटा काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदाची प्रत आली. आमच्याकडे घड्याळ उलटं चालतं, शून्याकडे. तिथं निळ्या शाईत स्पष्ट लिहिलं होतं: चार मिनिटं दहा सेकंद उरली असताना व्हिटलॉकची एक नंबर बाहेर, बावीस नंबर आत.

माझ्या वहीचा एक नियम कुणाच्या बापाला मोडता येत नाही. गोलमध्ये सतत कुणीतरी उभं असतंच, त्यामुळे संघाच्या गोलकीपरांची मिनिटं मिळून नव्वद भरलीच पाहिजेत. एक जास्त नाही, एक कमी नाही. लॉइस मेट्झलरला चार द्यायची तर ती मॉरीन डोलनकडूनच काढावी लागणार. मिनिटं चारच, पण ती काढली की 'एकदाही बाहेर आली नाही' हे वाक्यच उरत नाही. त्या वाक्यावर मॉरीनला त्या डिसेंबरात अखिल अमेरिकन संघात तिसऱ्या फळीत जागा मिळाली होती. देशभरातले प्रशिक्षक त्यासाठी मत देतात, आणि आमच्यासारख्या छोट्या कॉलेजची मुलगी त्यांनी कधी पाहिलेली नसते. ते आकडे पाहतात. त्या मानामुळे तिला पहिली प्रशिक्षकाची नोकरी मिळाली, मग दुसरी, मग मोठी. आणि शनिवारच्या कार्यक्रमाची प्रमुख पाहुणी तीच होती.

आमच्या खेळ विभागाची प्रमुख टेरी पस्तिशीची, हुशार आहे. मी दोन्ही कागद तिच्यासमोर ठेवले.

"कार्यक्रम झाल्यावर केलं तर नाही चालणार?" तिनं विचारलं.

"चालेल. तोवर म्हातारबुवा एक्क्याण्णवचे ब्याण्णव होतील, किंवा होणार नाहीत."

"लेन, चूक तुझी आहे हे सगळ्यांना कळेल."

"वही माझी आहे, मग चूक दुसऱ्या कुणाची असणार?"

ती मला ओळखते. तिनं कपाळ चोळलं. "निदान मॉरीनला तोंडावर तरी सांग. फोनवर नको."

मॉरीन शुक्रवारी सकाळीच गाडी चालवत आली. आम्ही पुलाजवळच्या जुन्या हॉटेलात बसलो. विद्यार्थी असताना सगळी पोरं तिथंच नाश्त्याला जायची. मॉरीन कोळशाच्या खाणींच्या गावची, सहा भावंडांतली चौथी. सत्तावन्नची झाली तरी खांदे तसेच आणि बोलणंही तसंच. तिनं अंडी आणि डुकराच्या मांसाचं तळलेलं स्क्रॅपल मागवलं आणि मला म्हणाली, "तोंड का असं सुतकी केलंयस? कुणी गेलं की काय?"

मी बार्बचा कागद तिच्यासमोर सरकवला. तिनं चष्मा लावला. वाचायला फार वेळ लागला नाही. मग तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे तुला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटायचं तुला माहीत आहे आणि तू गप्प आहेस. इतकी वर्षं मला वाटायचं, लेन भला माणूस, माझ्यासाठी गप्प राहिला."

"आणि तुला माहीत होतं."

"मी बाहेर आले होते ना, मला नाही तर कुणाला माहीत असणार?" तिनं काटा खाली ठेवला. "ऐक. कोच रीबनं तिला खेळवलं नव्हतं. मी खेळवलं. चार वर्षं ती पोरगी रोज माझ्यासमोर उभी राहिली. पहाटे सहाला, थंडीत. मला सरावाला फटके कोण मारायचं? तीच. माझे हातमोजे कोण धुवायचं? मी नको म्हटलं तरी तीच. आणि त्या दिवशी सगळ्यांचे आईबाप आले होते, हिचं कुणीच नव्हतं. मी गोलमधनं ओरडले, 'कोच, माझा पाय गेला, बाहेर काढा.' पायाला काही झालं नव्हतं. रीबलाही ते कळलं होतं. त्यानं मान हलवली आणि तिला पाठवलं."

"मग सोमवारी?"

"सोमवारी रीब पेपर घेऊन हसत आला. म्हणाला, यांनी तुला पूर्ण नव्वद दिलीत, राहू दे, मतदानाला बरं पडेल. मी म्हटलं, कोच, लॉइसचं काय? तो म्हणाला, तिला काय फरक पडतो, ती पुढच्या वर्षी मास्तरीण होणार आहे." ती खिडकीबाहेर बघायला लागली. "मलाही तेच ऐकायचं होतं, लेन. माझ्या घरी कॉलेजात गेलेली मी पहिली. परत गेले असते तर शर्टांच्या कारखान्यात आईच्या शेजारी बसले असते. डिसेंबरात नाव आलं. मग फलक लागला. दर वर्षी वाटायचं, या वर्षी सांगते. आणि दर वर्षी सांगणं अवघड होत गेलं."

मी तिला लॉइसच्या घरचं सांगितलं. बटाटे दोनदा वाढले ते, आणि दुसऱ्या दिवशीचं वाक्य. तिनं मला मध्येच थांबवलं, "पुरे," म्हणाली.

मग तिनं विचारलं, "तिचं नाव घाल आणि माझी मिनिटं तशीच ठेव. असं नाही होत?"

"चौऱ्याण्णव होतील. गोलमध्ये तुम्ही दोघी एकदम उभ्या होतात का?"

"तुझ्या त्या वहीला आग लाव." ती मनापासून चिडली होती. "चूक तू केलीस. पळालास तू. आणि भरायचं मी?"

"हो. असंच होतंय, आणि ते वाईट आहे. मला त्याची लाज वाटते."

"तू मला विचारायला आलायस की सांगायला?"

"विचारायला हवं होतं," मी म्हणालो. "पण सांगायला आलोय. वही मी काल रात्रीच बदलली."

तिनं कोट उचलला आणि निघून गेली. स्क्रॅपल तसंच राहिलं. उद्या ती येते की नाही याचा मला काहीच अंदाज नव्हता. टेरीला काय सांगायचं, हा एक वेगळाच प्रश्न होता. दुपारी मी शिडी लावून फलकावरची 'एकदाही बाहेर आली नाही' ही शेवटची ओळ स्वतः काढली. अक्षरं पितळेची होती, स्क्रू गंजलेले. दोन अक्षरं तुटली.

शनिवारी ऊन पडलं होतं, पण वारा बोचरा होता. कुंपणाजवळ लॉइस उभी होती. केस पांढरे, मागं बांधलेले, अंगात साधा करडा स्वेटर. शेजारी चाकांच्या आधारकाठीवर हात टेकून एल्वुड मेट्झलर, तिचे वडील, काळी टोपी, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेला कोट. धाकटा भाऊ डेल, साठीला आलेला, गाडी लावून येत होता. मोठा भाऊ मर्ल चार वर्षांपूर्वी ट्रॅक्टरखाली सापडून गेला, हे मला लॉइसनं नंतर सांगितलं.

मी दुरुस्त केलेल्या नोंदीचा कागद त्यांच्या हातात दिला. शिक्का होता, माझी सही होती. लॉइस मेट्झलर, गोलकीपर, सामने एक, मिनिटं चार, अडवलेले फटके शून्य, दिलेले गोल शून्य. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून पूर्ण वाचला. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, झालं, सुटलो.

"ह्यावर परवाची तारीख आहे," ते म्हणाले.

"हो. दुरुस्ती परवा केली."

"तेव्हाचा पेपर एक म्हणत होता. हा कागद दुसरं म्हणतोय. छापलेलं तेही होतं, हेही आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, ते नुसतं विचारत होते. "पेपरला कुणी सांगितलं होतं?"

"मी."

"आणि हे कुणी लिहिलं?"

"हेही मीच. त्या दिवशी मी शेवटची पाच मिनिटं इथं नव्हतो, मिस्टर मेट्झलर. फोन करायला गेलो होतो. न पाहता लिहिलं. माझी चूक झाली, मी तुमची माफी मागतो."

"म्हणजे ती खेळली की नाही, ते तू तेव्हाही पाहिलं नाहीस आणि आताही तू पाहिलेलं नाहीस."

छत्तीस वर्षं मी कागदाच्या जोरावर सगळ्यांची तोंडं बंद करत आलो, आणि या म्हाताऱ्यानं एका वाक्यात माझ्या हातातून कागद काढून घेतला. "दुसऱ्या संघाची नोंद आहे," असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली, पण कागदाची घडी त्यांनी खिशात घातली नाही. ती हातातच राहिली.

"बाबा, राहू द्या," लॉइस म्हणाली. "त्यांनी त्यांच्याकडून केलं."

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर नावं सुरू झाली. पहिल्या संघापासून, एकेक वर्ष घेऊन. बायका मैदानात जात होत्या, काही लंगडत, काही नातवंडांना कडेवर घेऊन. अठ्ठ्याऐंशी आलं. टेरीनं नाव घेतलं, "लॉइस मेट्झलर, गोलकीपर." लॉइसनं वडिलांकडे पाहिलं, मग स्वेटर खाली ओढून ती आत गेली. तिच्या जुन्या मैत्रिणी धावत आल्या आणि तिला मध्ये घेऊन टाळ्या पिटत राहिल्या. त्यांना सगळ्यांना माहीत होतं. त्यांना इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

मॉरीनचं नाव सगळ्यात शेवटी, प्रमुख पाहुणी म्हणून येणार होतं. ती मंचाच्या मागं उभी दिसली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण ती मंचावर गेली नाही. मैदानाच्या कडेनं सरळ आमच्याकडे चालत आली. मला वाटलं मला चार शब्द सुनावायला येतेय. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मिस्टर मेट्झलर," ती म्हणाली. "मी मॉरीन डोलन. त्या दिवशी गोलमध्ये मी होते."

म्हातारबुवांनी टोपीला हात लावला. "तुझं नाव मी वाचलंय."

"चुकीचं वाचलंत. मी शेवटची चार मिनिटं खेळले नाही. मी बाहेर आले आणि लॉइस आत गेली. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि बाकावर जाऊन बसले. तिथनं सगळं पाहिलं. ती खेळली."

"तू पाहिलंस."

"हो."

"तेव्हाही तुला माहीत होतं."

"हो."

"मग तू सांगायला हवं होतंस."

"हो," मॉरीन म्हणाली. "सांगायला हवं होतं. त्यातनं मला फायदा झाला, म्हणून मी सांगितलं नाही."

ते तिच्याकडे बघत राहिले. मी तिच्या जागी असतो तर नजर खाली घातली असती. तिनं घातली नाही. शेवटी त्यांनी हात पुढं केला आणि तिनं तो धरला. माफ केलं असं काही ते बोलले नाहीत. मग त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

मंचावरून मॉरीनचं नाव पुकारलं गेलं. एकदा, मग पुन्हा. "जा," मी म्हणालो. "टेरीला झटका येईल." ती गेली, आणि तिथं ध्वनिक्षेपक हातात घेऊन तिनं हेच पुन्हा सगळ्यांसमोर सांगितलं, पण मला त्यातलं फारसं ऐकू आलं नाही. कारण लॉइस स्कार्फ गळ्यात घालून परत आली होती, आणि डेल कागदी पेल्यांतून कॉफी घेऊन येत होता.

"डेल," म्हातारबुवा म्हणाले. "ते खाली ठेव. इथं उभा राहा."

साठीचा माणूस लहान मुलासारखा पेले गवतावर ठेवून उभा राहिला.

"मका कापला त्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या टेबलाशी, मी तुझ्या बहिणीला खोटारडी ठरवलं होतं. तुझ्यासमोर आणि मर्लसमोर. ती खरं बोलत होती. चूक माझी होती." त्यांना दम लागला. "दोघांसमोर बोललो होतो, तर दोघांसमोरच परत घ्यायला हवं. मर्लला आता मी सांगू शकत नाही. तुला सांगतोय."

डेलनं मान हलवली. नाक ओढलं आणि कॉफीचे पेले उचलायला खाली वाकला, ते नुसतंच तोंड लपवायला.

लॉइस वडिलांच्या काठीला धरून उभी होती. त्यांच्यातले लोक सगळ्यांसमोर गळ्यात पडत नाहीत. तिनं फक्त त्यांच्या कोटावरचं वाळलेलं पान झटकलं. मी तिथून निघायला हवं होतं, पण माझे पाय निघेनात.

म्हातारबुवा मैदानाकडे बघत होते. पलीकडच्या गोलकडे त्यांनी हनुवटीनं खूण केली.

"त्याच गोलमध्ये?"

"हो."

"बॉल आला होता का तुझ्याकडे?"

छत्तीस वर्षांत त्यांनी विचारलेला त्या सामन्याबद्दलचा तो पहिला प्रश्न असावा.

"एकदाच. लांबून मारलेला होता. खांबाच्या बराच बाहेरून चालला होता."

"मग तू काय केलंस?"

"उडी मारली. चिखलात आडवी पडले. कोपर फुटलं."

"बाहेर चालला होता म्हणतेस, मग उडी कशाला?"

"चार वर्षं थांबले होते, बाबा."